मयेकर काय म्हणाला?

इथे न्यूझीलंडमध्ये, पापाटोएटोच्या दुकानात मेथीची त्यातल्या त्यात कमी सुकलेली जुडी शोधत होते, तेव्हा रॉजरचा फोन आला. "शुबा, डॅड गेले. पहाटे, झोपेत." एवढं बोलून तो थांबला, मग म्हणाला, "तुला त्यांनी फार छळलं, माहितीये मला." मी काहीतरी उत्तर दिलं असेल. पुढच्याच वाक्यात त्याने विचारलं, शनिवारी फ्युनरल सर्व्हिस आहे, तिथे तू इंडियनमध्ये दोन शब्द बोलशील का? इंडियनमध्ये! मेथी तिथेच टाकून मी गाडीत येऊन बसले, आणि रडू यायच्या आधी मला राग आला. शंभरी ओलांडलेला माणूस झोपेत शांतपणे जातो, त्यात रागवण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. पण आमचं भांडण मिटलं नव्हतं. भांडण अर्धं टाकून माणूस असा निघून जातो का? आज या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी माझं डोकं शांत झालेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

रॉजरचे वडील, कमांडर आर्थर थॉर्नली, हे ब्रिटिश नौदलातले अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात शौर्यपदक मिळालेले. युद्धानंतर काही वर्षांनी न्यूझीलंडला आले, इथेच लग्न केलं, इथेच म्हातारे झाले, आणि बायको गेल्यावर मी जिथे नर्स आहे त्या रेस्ट होममध्ये दाखल झाले. आल्या दिवशीच त्यांनी चहा परत पाठवला. "सिस्टर, हा चहा बुडून मेलाय," म्हणाले. मी म्हटलं, "मग तुम्ही वाचवा त्याला, तुम्ही नेव्हीतले." बाकीच्या नर्सेसनी श्वास रोखून धरला होता, पण म्हातारा खुदकन हसला आणि तिथून आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, रोज वाजायचं. मी मूळची कुडाळची. आमच्याकडे राग नाकावर घेऊनच माणूस जन्माला येतो. त्यांना औषधाची गोळी कशासाठी ते दर वेळी नव्याने सांगावं लागे, खिडकी किती उघडायची यावर वाद घालावा लागे, आणि रेडिओवरचं हवामान चुकलं तर त्याचा जाब माझ्याकडे मागितला जाई. मला ते मनापासून आवडायचे. हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी खिडकी बंद करायला लावली असती.

ठिणगी पडली ती एका अगदी साध्या सवयीवरून. ड्यूटी संपली की मी खोलीतून निघताना आपल्या सवयीने "येते हं" म्हणते. समोरच्याला कळो न कळो, तोंडातून निघतंच. एका संध्याकाळी मी तसं म्हणून वळले, आणि मागून गर्जना आली, "मग ये ना! म्हणायचं आणि जायचं, हे काय चाललंय?" मी दचकले. त्यांना मराठीचा हा एवढा तुकडा समजतो? विचारलं तर म्हणाले, समजतो. युद्धात त्यांच्या बोटीवर सगळे खलाशी रत्नागिरी-मालवणकडचे होते. 'ये' म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. मी हसून सांगितलं की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते अशुभ. गेलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस. म्हणून जाणारा 'येतो' म्हणतो आणि मागे राहणारा 'या' म्हणतो. मी हे गंमत म्हणून सांगत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "म्हणजे जाणारा माणूस 'मी येतोय' म्हणतो?" मी म्हटलं, हो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सांगून ठेवलं, ही सिस्टर मला नको.

झाली का पंचाईत! मी काय केलं होतं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सहा-सात दिवस माझ्याऐवजी दुसरी नर्स त्यांच्याकडे जात होती, आणि मी मुद्दाम त्यांच्या दारावरून मोठ्याने माओरीतला नमस्कार घालत, "किआ ओरा, कमांडर" म्हणत पुढे जायचे. शेवटी त्यांनीच बोलावणं पाठवलं. बसायला सांगितलं. आणि ती गोष्ट सांगितली, जी त्यांच्याविषयीच्या प्रत्येक भाषणात असते, शाळेची पोरं एप्रिलमध्ये युद्धातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला छातीवर लाल पॉपीचं फूल लावून त्यांना भेटायला येत तेव्हा रॉजर जी सांगायचा, जी मीसुद्धा ऐकून होते. पण त्यांच्या तोंडून ती कधी कोणी ऐकली नव्हती.

आराकानचा किनारा, म्हणजे ब्रह्मदेशाची पश्चिमेकडची बाजू. तिथल्या खाड्यांमधून त्यांची छोटी लढाऊ लाँच फिरायची. अधिकारी ते आणि आणखी एक जण, बाकी सगळे आपले कोकणी गडी. एका पहाटे धुक्यात शत्रूच्या काठावरून टेहळणीची तुकडी परत आणायची होती. तुकडी आली, पण शेवटचा माणूस, जयराम मयेकर, मालवणचा, मागे राहिला. गोळी लागून तो तिवरांच्या पलीकडे चिखलात पडला होता. दिसत नव्हता, फक्त आवाज आला. ओहोटी लागलेली. आणखी थोडा वेळ थांबलं तर लाँच गाळात रुतणार, हे सगळ्यांना दिसत होतं. "पण तो ओरडून म्हणाला की तो येतोय," कमांडर म्हणाले. "मी थांबलो." काठावरून गोळ्या सुरू झाल्या. लाँचवरचे दोघे, एक मशीनगनवरचा आणि एक सिग्नलवाला, जागच्या जागी गेले. मयेकर आला नाही. मग कमांडर स्वतः चिखलात उतरले, छातीभर गाळातून तिवरांपर्यंत गेले, हाका मारल्या, पण सापडला नाही. परत आले, आणि लाँच कशीबशी निघाली. जखमी सहकाऱ्यासाठी गोळीबारात थांबले आणि जिवावर उदार होऊन त्याला शोधायला गेले, म्हणून पदक मिळालं.

"तो येत होता आणि मी निघालो," ते म्हणाले. "माझ्या पदकावर लिहायला हवं होतं, हा माणूस थांबला, पण पुरेसा थांबला नाही." ते म्हणाले, "आणि आता तू म्हणतेस, जाणारासुद्धा तसंच म्हणतो. मग सांग. तो येत होता की जात होता?" मी म्हटलं, नुसत्या एका शब्दावरून कसं सांगणार? नेमका काय म्हणाला तो? आठवतंय? त्यांनी डोळे मिटले. आठवतंय म्हणजे काय, कान अजून तिथेच होते त्यांचे. "बुरा," ते म्हणाले. मग थोडं थांबून... "येताय." बुरा, म्हणजे हिंदुस्थानी. अधिकाऱ्यांना हिंदुस्थानीची परीक्षा द्यावी लागे, ते चांगल्या गुणांनी पास झाले होते. बुरा म्हणजे वाईट. माझी अवस्था वाईट आहे, पण मी येतोय. एवढं स्वच्छ वाक्य.

अगं बाई गं! कुडाळच्या आमच्या घराच्या पायरीवरून निघणारा प्रत्येक माणूस लहानपणापासून माझ्या कानात हेच म्हणत आला आहे. बुरा कसला! मालवणचा माणूस चिखलात रक्तबंबाळ पडून परीक्षेची हिंदुस्थानी कशाला बोलेल? तो त्याचंच बोलला. "बरा, येतंय." म्हणजे 'बरंय मंडळी, निघतो आता.' तिवरांच्या पलीकडून त्याने लाँचवरच्या आपल्या गाववाल्यांना निरोप दिला होता. मी तिथे काही बोलले नाही. घरी आल्यावर बाबांना कुडाळला फोन लावला, माझं चुकत तर नाही ना म्हणून. त्यांना सगळी गजाल सांगितली. बाबा म्हणाले, "अगो, ह्येच्यात कोडा काय आसा? निरोप घेतल्यान तेना. येवचो असतो तर 'इलंय, इलंय' म्हणान बोंबाललो असतो." खरंच की! हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? आपण खरोखर येत असतो तेव्हा 'येतो' म्हणतच नाही. कोणी हाक मारली की 'आलो, आलो!' म्हणतो. जिन्यात असलो तरी आलो, अजून अंघोळ व्हायची असली तरी आलो. आणि निघताना म्हणतो येतो. आपली भाषा आहे ही अशी उफराटी, आणि आपल्याला त्यात कधी काही खटकत नाही.

मी ते कमांडरना सांगितलं. रात्रभर विचार करून, शब्द जुळवून सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. मयेकरला तुम्ही टाकून आला नाहीत. त्यानेच तुम्हाला जा म्हणून सांगितलं. तुम्ही त्याचा शब्द मोडला नाहीत. ते ऐकत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मग ते दोघं कशासाठी मेले?"

मयेकर येत होता, तर थांबण्याला अर्थ होता आणि त्या दोघांच्या मरणालाही. तो निरोप घेत होता, तर एका स्वरापायी दोन माणसं गेली आणि त्यावर इंग्लंडच्या राजाने पदक दिलं. मला एका बाजूचाच दगड दिसला होता. तो उचलायला गेले आणि दुसरा त्यांच्या पायावर पाडला. "तू तिथे नव्हतीस," ते म्हणाले, "तो बुराच म्हणाला." मी म्हटलं, तुम्ही तिथे होतात, पण तुम्हाला मालवणी येत नव्हती. ते म्हणाले, "आउट."

त्यानंतर कित्येक महिने हेच. मी औषध द्यायला गेले की सुरुवात. "सांग, तो येत होता." "नाही सांगणार." "सिस्टर, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे." "माझे आजोबा असते तर त्यांना एकदा सांगून कळलं असतं." पालथ्या घड्यावर पाणी! मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. बाबा त्यात "बरा, येतंय" इतकं सहज म्हणतात की दारात उभे असल्यासारखे वाटतात. कमांडरनी तो आवाज दोनदा लावायला सांगितला आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांना गोळी लागलेली नाही." हट्टाला पेटलेल्या माणसापुढे देवाचंही चालत नाही.

रॉजर मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "शुबा, त्यांना हवं ते म्हणून टाक ना. वन सेंटेन्स. कोणाचं काय जातंय?" घरी माझी मुलगी सई फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, "मम, यू लाय टू देम ऑल द टाइम. त्या मिसेस नीलला तू सांगतेसच की तिचा नवरा ऑन द वे आहे." खरं आहे. सांगते मी. ज्यांना काही आठवत नाही त्यांना त्यांच्या सुखाचं सांगते, आमच्या कामाचा तो भागच आहे. नवरा ईस्ट टामाकीच्या गोदामातून थकून आलेला, तो एवढंच म्हणाला, "तूही काही कमी हट्टी नाहीस." पण माझं म्हणणं कोणी ऐकूनच घेत नव्हतं. कमांडरांचं मन राखायचं, ठीक. त्या मयेकरचं काय? चिखलात मरायला टेकलेला माणूस कुरकुर करत नाही, वाचवा म्हणत नाही, घरातून निघाल्यासारखा 'बरा, येतंय' म्हणतो. माझ्यासाठी थांबू नका, ओहोटी लागलीय, निघा... हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. त्या दिवसाचं शौर्य कोणाचं म्हणायचं असेल तर त्याचंही म्हणा की! आणि त्याचं ते शेवटचं वाक्य सगळ्या जगात बरोबर ऐकू आलेली मी एकटी, तीही पापाटोएटोच्या रेस्ट होममधली नर्स. मीसुद्धा 'तो येत होता' म्हटलं, तर मयेकर बोललाच नाही असं झालं असतं. म्हणून मी म्हटलं नाही. कमांडरांचा जीव त्यात अडकला होता हे दिसत असूनही म्हटलं नाही, आणि ते मला रोज टोचत होतं.

शनिवारच्या सर्व्हिसला हॉल भरला होता. पोहुतुकावाची लाल फुलं दाराशी पडलेली, माजी नौसैनिक छातीवर पदकं लावून आलेले, आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेल्या एका पणतवाला आई सारखी मागे खेचत होती. रॉजर चांगला बोलला. त्याने ती गोष्ट सांगितली. "तिकडून आवाज आला, आय ॲम कमिंग. अँड डॅड वेटेड." लोकांनी डोळे पुसले. मग मला बोलावलं. मी ठरवून गेले होते. इंग्लिशमध्ये सांगितलं की त्या माणसाचं नाव जयराम मयेकर, तो माझ्या गावाकडचा, आणि तो 'आय ॲम कमिंग' म्हणाला नव्हता. त्याने निरोप घेतला होता, आणि त्याचे शब्द होते, "बरा, येतंय." ते मी दोनदा म्हटलं, नीट, बाबा म्हणतात तसं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक आजी "आमेन" म्हणाली. बाहेर चहाच्या वेळी रॉजरने माझा हात हातात घेतला, त्याचे डोळे भरलेले होते, आणि म्हणाला, "व्हॉट अ ब्यूटिफुल प्रेयर, शुबा. डॅडना आवडलं असतं." मी काय करू? डोकं आपटू? सँडविच खाल्लं आणि घरी आले.

एक गोष्ट मी रॉजरला सांगितलेली नाही. सांगून त्याला काही कळलंही नसतं. कमांडर गेले त्याच्या आदल्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. त्यांनी नेहमीप्रमाणे वाद काढला नाही. तो येत होता की जात होता, हे विचारलं नाही. मला वाटलं, थकलेत, किंवा माझ्यावर रुसलेत. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? एक दिवस तरी सुटका. गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले. ट्रॉली घेऊन मी दारापर्यंत गेले, आणि पाठीमागून ते म्हणाले, "बरा, येतंय."

मागे राहणाऱ्याने म्हणायचं ते जिभेवर तयारच असतं. मी न वळता म्हटलं, "हो, या. सावकाश." आणि ट्रॉली पुढे ढकलली.

शेजारच्या खोलीतल्या बाईंचं ब्लड प्रेशर बघताना, पट्ट्यात हवा भरता भरता, माझा हात थांबला. ते बुरा म्हणाले नव्हते. इतक्या महिन्यांत एकदाही त्यांच्या तोंडून न आलेला तो शब्द आज स्वच्छ आला होता. पट्टा तसाच ठेवून मी परत त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली होती आणि डोळे मिटून घेतले होते. "कमांडर," मी हाक मारली, दोनदा मारली. म्हटलं, "तुम्हाला पटलं का? की नुसता निरोप घेतलात? मला नीट सांगा." ते शांत श्वास घेत होते. काय चिडले मी त्या वेळी! एक उकार पुसायला ऐंशी वर्षं लावली या माणसाने, आणि पुसला तो नेमका मी पाठमोरी असताना.